कप उचलताना

"काका, तुम्हाला औषधाने गुण आला हे त्यांना कळू देऊ नका हं," परिचारिकेने मुकुंद उकिडव्यांना बजावले आणि संगणकाचा पडदा सुरू केला.

पडद्यावर दुसरे मुकुंद उकिडवे दिसू लागले, हुबेहूब त्यांच्यासारखेच. वर्षापूर्वी, कंपवातावरील औषधाच्या चाचणीआधी, घड्याळजी उकिडव्यांची ही बोलती, विचार करणारी प्रतिकृती संगणकात घडवली गेली होती. औषध उकिडव्यांना मिळाले. तुलनेसाठी प्रतिकृतीला, न सांगता, नुसत्या साखरेच्या आभासी गोळ्या. आता चाचणी संपली होती आणि प्रतिकृती संध्याकाळी पुसली जाणार होती.

"काय घड्याळजी, पडला का काही फरक?" पडद्यावरच्या उकिडव्यांनी विचारले. मांडीवरचा त्यांचा हात थरथरत होता.

"कसला फरक! तुझ्यासारखाच आहे मी," उकिडवे म्हणाले. समोरचा चहाचा कप उचलून त्यांनी हात मुद्दाम थरथरवला. चहा बशीत सांडला.

पडद्यावरचे उकिडवे बराच वेळ त्या कपाकडे पाहत राहिले.

"अरे, आपला हात रिकामा असतानाच हलतो. काही उचललं की थांबतो," ते हळूच म्हणाले. "इतक्यात विसरलास?"

उकिडव्यांना मान वर करवेना. त्यांच्या हातातला कप आता अगदी स्थिर होता.