शून्यावरचा काटा

शहाऐंशी साल. मद्रासबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात आयुधपूजा झाली, सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी क्लोरीनच्या शेडमधून वास येतोय अशी तक्रार आली. राणोजी गॅस मोजायचा मीटर घेऊन आत गेला. नियमाप्रमाणे दार बाहेरून बंद झालं. ते उघडायला सेफ्टी ऑफिसर सेतुमाधवांचा हुकूम लागे, आणि सेतुमाधव बसले होते लांब ऑफिसात, शेडमधल्या फोनच्या दुसऱ्या टोकाला.

“काटा कुठे आहे?”

“शून्यावर, सार. पण डोळ्यांची आग होतेय, श्वास कोंडतोय. दार उघडायला सांगा.”

“गेल्या महिन्यात तुम्ही लोक तीनदा असंच ओरडलात. तिन्ही वेळा मीटरच खरा निघाला. नीट बघ.”

राणोजीने खोकत मीटर डोळ्यांजवळ नेला. हवा आत घेणाऱ्या जाळीवर कालचं चंदन वाळून घट्ट बसलं होतं, वर कुंकवाचा ठिपका. त्याने ते नखाने खरवडून काढलं. काटा थरथरला आणि शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळला.

“सार! काटा टोकाला गेला! जाळीवर पूजेचं चंदन होतं, म्हणून कळलं नाही. दार उघडा, सार!”

 पलीकडे सेतुमाधव हसले.



“शून्यावरून एकदम टोकाला? अरे, मीटर बिघडला तो. थांब तिथेच, दुसरा पाठवतो.”