परतीचा शिधा

दुकानातल्या यंत्राने जुईचं आणि तिच्या वडिलांचं रक्त तपासलं आणि हिमालयातल्या महिनाभराच्या ट्रेकसाठी दोघांच्या सॅक भरून दिल्या. जुईने वडिलांची सॅक उपसली.

“ह्यात जायचाच शिधा आहे. अण्णांचा परतीचा कुठाय?”

“ज्याला लागणार नाही, त्याचा ते भरत नाही, ताई,” दुकानदार निर्विकारपणे म्हणाला. “आजवर एकदाही चुकलेलं नाही.”

“मग आम्ही जातच नाही!”

“घरी बसलात तरी रक्त तेच राहणार.”

जुईने स्वतःची पाकिटं अण्णांच्या सॅकमध्ये कोंबली. अण्णांनी ती एकेक काढून तिच्या हातात दिली.

“रडतेस काय, वेडे? दवाखान्यापेक्षा डोंगर बरा.”

प्रत्येक ट्रेकला दोघांचं पातेलं अण्णाच वाहायचे. आज त्यांनी ते तिच्या सॅकला बांधलं.

“हे घरी परत न्यायचंय,” ते म्हणाले.