खाडीकाठचा चुका

साहेबांनी टेबलावरच्या दोन कागदांपैकी डावीकडचा उचलला, भिंगातून पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाले, "हा. मूळ नमुना हाच."

हरिहर टेबलापासून एक पाऊल मागे सरला.

कागदावर वाळवून टाचलेलं रोप होतं. मुळापासून तुऱ्यापर्यंत अख्खं, आणि तुऱ्यातल्या एकेका फळाला बारीक दाते. कल्याणच्या खाडीकाठच्या पाणथळीतलं हे रोप आजवर कुणीच नोंदलेलं नाही, अशी साहेबांची खात्री झाली होती. ठाण्याच्या बंगल्यात बसून ते त्याच्यावर लेख लिहीत होते. नवं नाव द्यायचं तर एक कागद मूळ नमुना म्हणून ठरवायचा असतो. पुढे कुणी शंका काढली, तर त्याच्याशी ताडून पाहायचं. आणि नाव? ज्याने शोधलं त्याचं, असं साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं.

कागदाच्या कोपऱ्यात साहेबांच्या कारकुनाच्या, म्हणजे हरिहरच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: शोधणारा, हरिहर.

खरा शोधणारा राघो होता. कल्याणच्या मिठागरात राबणारा राघो. कमरेएवढ्या चिखलात उतरून त्याने ते रोप उपटलं, कालवाच्या धारदार शिंपल्याने पाय कापून घेतला आणि तसाच लंगडत आगगाडीने ठाण्याला येऊन ते देऊन गेला. हरिहरने स्वतः आणलेल्या रोपांना बुरशी लागली होती, कारण मेहुणीच्या लग्नात तो तीन दिवस रमला आणि रोपांखालचे ओले टीपकागद बदलायचं विसरला. साहेब तेव्हा दौऱ्यावर होते. राघोला लिहिता येत नव्हतं. लेखणी हरिहरच्या हातात होती. बुरशीच्या कागदावर राघोचं नाव गेलं, आणि चांगल्यावर त्याचं स्वतःचं.

"गावात याला काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं. "स्थानिक नाव छापलं पाहिजे."

"ते माहीत नाही, साहेब. पण बाजारात चुक्याची भाजी मिळते ना, तिचाच हा थोरला भाऊ."

साहेब खूश झाले. मराठी शिकवणाऱ्या मुन्शीने त्यांना नुकतंच एकवचन-अनेकवचन शिकवलं होतं. "चुका पुष्कळ. एकच असेल तर चूक. बरोबर?"

भाजी एक असली तरी चुकाच, हे सांगायला हरिहरने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दुसऱ्याला दुरुस्त करायची आपली लायकी नाही, असं त्याला त्या घटकेला वाटलं.

"नीट चौकशी कर. चिठ्ठीवर लिहून या नमुन्याच्या घडीतच ठेव. सोमवारी पार्सल विलायतेला जाणार."

रविवारी हरिहर कल्याणला गेला. राघो झोपडीपुढे पायाला फडकं बांधून बसला होता.

"सायबाला आवरला काय माजा पाला?"

"आवडला."

"मंग नाव लागंल?"

हरिहर वाकून चपलेचा चिखल काढू लागला.

"तसा मना हव्यास नाय, हरिभाऊ," राघो म्हणाला. "पन पोर नाय, बाल नाय. उद्या मी वर जेलो की राघो म्हनून कोन व्हता, कोन इचारतंय? त्या पाल्याला तरी माजं नाव ऱ्हाईल."

त्याच्या बायकोने, मालनने, शहाळं फोडून हरिहरच्या हातात दिलं. त्याने ते न पिताच खाली ठेवलं. लाजेने तो इतका कोंडला होता, की रोपाचं गावातलं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी येऊन तो लिहायला बसला. इंग्रजी शब्द सुचेनात, म्हणून मराठीत लिहायचं ठरवलं. वर ठळक बाळबोध अक्षरांत दोन शब्दांचा मथळा घातला. खाली हात सवयीने मोडीत धावू लागला: राघोचं रोप, लग्न, बुरशी, लेखणी, सगळं. साहेबांना बाळबोध वाचता येई, मोडी मुळीच येत नसे. मुन्शीकडून वाचून घेतील, हरिहरने मनाला सांगितलं. निदान आपल्यासमोर तरी वाचणार नाहीत.

सोमवारी सकाळी त्याने चिठ्ठी नमुन्याच्या घडीत सरकवली आणि ओसरीवर आपल्या मेजाशी जाऊन बसला. नोकरी गेली, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

दुपारी साहेब बाहेर आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझी चिठ्ठी मिळाली. तेवढंच अडलं होतं. आता लेख पुरा झाला, पार्सलही गेलं."

"साहेब, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावू कशाला? वेळेवर दिलीस."

मुन्शीने चिठ्ठी वाचून दाखवली असणार, असं समजून हरिहरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी पुढची गाडी धरून तो कल्याणला गेला आणि राघोला म्हणाला, "नाव तुझंच लागलं."

राघो तसाच उठून उभा राहिला. मग मिठागरातल्या एकेकाला गाठून सांगत सुटला.

सात-आठ महिन्यांनी विलायतेहून छापील पुस्तक आलं. धुतलेलं पागोटं घालून राघो मालनला घेऊन ठाण्याला आला. साहेबांनी हवं ते पान उघडून मोठ्या कौतुकाने पुस्तक हरिहरच्या हातात दिलं. राघो त्याला खेटून उभा राहिला आणि त्याने आपलं मिठाने चिरलेलं बोट पानावर टेकवलं.

"हरिभाऊ, माजं नाव कुटं हाय? माजं बोट धरून ठेव त्याच्यावर."

हरिहरने वाचलं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, शास्त्रीय नाव: रुमेक्स हरिहरी. त्याखाली, मूळ नमुना: कल्याण, खाडीकाठ, शोधणारा हरिहर. आणि त्याखाली शेवटची ओळ, स्थानिक नाव: मोठी चूक.