पहिलं पान

उत्तराने तांबूला गोठ्याच्या खुंटाला बांधलं आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"आज भुंकायचं नाही हं. पाहुणे जेवून गेले की सोडते."

तांबू तिच्या माहेरचा. वसईहून ती पडावातून कल्याणला सासरी निघाली, तेव्हा तो खाडीत उडी टाकून मागोमाग पोहत आला होता. शेवटी पडाव हाकणाऱ्या तांडेलालाच दया आली. या चैत्रात आई गेली. माहेरचं म्हणून आता तो एवढाच.

घरात कुळधर्म होता. गेल्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी होती. इथला हा सण पहिल्यांदाच पाहत होती. शेजारच्या गंगुबाई सकाळीच चिडवून गेल्या होत्या, "तुझ्या सासूचं, विमलाबाईंचं सोवळं ठाऊक आहे ना? तुझा लाडोबा मधे लुडबुडला, तर ठाकुर्लीच्या बैलगाडीत घालून लांब सोडून देतील हो त्याला!"

पानं मांडली. पहिलं पान मानकऱ्याचं. त्याच्याआधी घरात कोणी घास घेत नसे. दरवर्षीचा मानकरी आषाढात गेला होता.

"यंदा कोण?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"आई म्हणते, बोलावणं नकोच, घरातच आहे," हरिहर हसून म्हणाला आणि पाट मांडायला वळला.

असेल कोणी दीर, तिला वाटलं.

दुपार कलली. पोरं रडकुंडीला आली. बाळ तिचा पदर ओढू लागलं. सासूबाई दोनदा अंगणात डोकावून आल्या.

"उत्तरे, तुझा कुत्रा कुठाय गं?"

ती चटकन म्हणाली, "गेला असेल... खाडीकडे."

तेवढ्यात गोठ्यात तांबू भुंकला.

विमलाबाई आत गेल्या, पदराखाली काहीतरी घेऊन गोठ्याकडे निघाल्या. उत्तरा धावत पुढे झाली आणि तांबूच्या गळ्यात पडली.

"मारू नका हो! मी याला घेऊन वसईला जाते, पण गाडीत घालू नका."

सासूबाईंनी पदराखालचं ताट शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. भंडाऱ्याची चिमूट तांबूच्या कपाळी लावली. मग त्या सोवळ्यानिशी गुडघे टेकून बसल्या आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "खंडेराया, पोर नवखी आहे. घास घ्या, घर सकाळपासून उपाशी आहे."