सतरावा नियम

मुंबईला जाणारं विमान सुटायची वेळ होऊन वीस मिनिटं झाली होती आणि नव्वद बॅगांपैकी अकरा बॅगा चढल्या होत्या.

विमान कंपनीचा स्टेशन मॅनेजर श्रीनिवास भर दुपारी चिकलठाण्याच्या उन्हात कोट घालून उभा होता. त्याच्यासमोर सामान वर नेणारा सरकता पट्टा रिकामाच फिरत होता. पट्ट्याशेजारी लोडरांचा मुकादम बद्रीनाथ एक पुस्तिका उघडून वाचत होता.

पुस्तिका कंपनीचीच होती. मुखपृष्ठावर हसणारी हवाईसुंदरी, खाली 'आपली सुरक्षा, आपला परिवार'. आतलं मराठी असं होतं की सहा वर्षांत कोणी दुसरं पान उलटलं नव्हतं. गेले तीन दिवस तिचं रोज जाहीर वाचन चाललं होतं.

"नियम बारा. वीस किलोवरील सामान दोन व्यक्तींनी उचलावे." बद्रीनाथने मान वर केली. "सांडू, किती हाय?"

सांडूने बॅगेवरची चिठ्ठी वाचली. "एकवीस."

"मंग थांब. बन्सीला येऊ दे."

बन्सी आला. चालत आला. विमानाजवळ धावू नये, हा नियम नऊ.

"बद्रीभाऊ," श्रीनिवास म्हणाला. काल हॉटेलातल्या बैठकीत, मुंबईच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या उमा मॅडमसमोर, त्याने याच माणसाला 'मिस्टर बद्रीनाथ' म्हटलं होतं. "आत दीडशे माणसं बसलीत. निम्मे वेरूळ पाहून आलेले परदेशी आहेत. काय चाललंय हे?"

"काम."

"मी मूर्ख नाही."

यावर बद्रीनाथने मत दिलं नाही.

"हा संप आहे. बेकायदेशीर."

"संप कुठं हाय, साहेब? चौदाच्या चौदा कामावर हायेत." तो थांबला. "तेरा. चौदावा कडूबा. त्याला तुम्ही काढलं."

"नियम सतरानं काढलं. चालत्या पट्ट्यात हात घालू नये. त्याची दोन बोटं गेली, मला वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. काल बैठकीतही हेच सांगितलं."

"म्हणून तर वाचून करतोय."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"त्या दिवशी बॅगेची दोरी अडकली," बद्रीनाथ म्हणाला. "कडूबा पट्टा बंद करायला निघाला व्हता. बंद करू नको, तसंच ओढ, असं म्हणणारं कोण व्हतं?"

"चौकशी झाली आहे. तसं कुठंही नोंदलेलं नाही."

"नाय ना. तोंडी व्हतं."

श्रीनिवासने घड्याळ पाहिलं. पायलटने खिडकीतून हात बाहेर काढून मनगटावर बोट आपटलं. पायलटांचा करार गेल्याच महिन्यात झाला होता. वाटाघाटींच्या काळात ते खाली उतरून लोडरांना 'आपण सगळे एक' म्हणत, त्यांच्या डब्यातला ठेचा खात. सही झाल्यापासून कोणी खाली उतरलं नव्हतं.

"आजच्या दिवस नेहमीसारखं करा. बाकीचं नंतर बोलू."

बद्रीनाथने खिशातला पेन काढून पुस्तिकेवर ठेवला आणि दोन्ही पुढे केलं. "शेवटचं पान कोरं हाय. लिहा, आज नियम पाळू नका. खाली सही. पंधरा मिनिटांत विमान भरून देतो. नायतर लिहा, कडूबाला परत घेतलं. मंग दहाच मिनिटांत."

श्रीनिवासने पेन घेतला नाही. पाच पावलं बाजूला जाऊन त्याने मुंबईला फोन लावला. पाच पावलं पुरेशी नव्हती.

"हो मॅडम. नाही, लेखी काहीच नाही. तोंडीच सांगतो. कळलं."

तो परत आला. "मी सांगतो तुम्हाला. तुमच्यावर काही येणार नाही. माझा शब्द आहे."

तेराही जणांनी ऐकून घेतलं. सांडूने हातमोजे काढले, दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "दहाच्या दहा हायेत, साहेब," तो म्हणाला. "राहू द्या." आणि मोजे पुन्हा घातले.

श्रीनिवासने कोट काढला. ठेवायला जागा दिसेना, म्हणून बद्रीनाथकडे दिला. मग त्याने स्वतः एक बॅग उचलली आणि पट्ट्यावर टाकली. मग दुसरी. तिसरी ओढताना त्याच्या शर्टाचं बटण तुटलं.

"सेफ्टीचं जाकीट, साहेब," बद्रीनाथ म्हणाला. "नियम तीन."

काउंटरवरची सरोजिनी दारात आली होती. तिने फोटो काढला आणि कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. पंचवीस बॅगा चढेपर्यंत मुंबईहून चाळीस अंगठे आले. उमा मॅडमनी लिहिलं, 'अशी माणसं आहेत म्हणून आपली कंपनी आहे.'

मग पडेगावहून कडूबाचा मेसेज आला. त्याचा पगार थांबला होता, विमानतळाचा पास जमा झाला होता, पण ग्रुपमधून नाव काढायचं राहून गेलं होतं.

'साहेब फोटोत डावा हात रोलरजवळ हाय. तिथंच ओढून घेतो. मागं घ्या.'

बद्रीनाथने तो वाचला. मग कोट खांद्यावर टाकून पट्ट्यापाशी गेला आणि लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. श्रीनिवास एक सुटकेस छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

बद्रीनाथने मोबाईल त्याच्यासमोर धरला. श्रीनिवासने वाचलं, आणि तो वाचत असतानाच मेसेजखाली करड्या अक्षरांत एक ओळ उमटली.

'उमा मॅडम यांनी कडूबा यांना काढून टाकले.'