बरोबरीचं पाणी

राखीव टाकीत दोन हजार लिटर पाणी होतं, मैदानावर पंचवीस मिलिमीटर बर्फ होता आणि चंद्रावरच्या त्या वसाहतीत आइस हॉकीची गोलरक्षक एकच होती, ओवी तांडेल.

तिथे पगार पाण्यात मिळे. शेजारच्या विवरातल्या श्रीमंत क्लबने तिला वर्षाला वीस हजार लिटर देऊ केलं आणि आईची भाजीची बाग जगावी म्हणून तिने सही केली. नियम असा होता, की जुन्या क्लबने सात दिवसांत तेवढंच देऊ केलं तर खेळाडू तिथेच राहते. नाहीतर तिच्या बदल्यात त्यांना दोन नवखे खेळाडू मिळतात.

सातव्या दिवशी ओवी जड मनाने सामान बांधत होती. तेवढ्यात क्लबचे व्यवस्थापक बाविस्करकाका आले.

“सोड ती बॅग. बरोबरी केली आम्ही.”

“काका, एवढं पाणी आणलं कुठून?”

“राखीव टाकी रिकामी केली, उरलेल्यासाठी मैदान खरवडलं. अख्खी वसाहत लागली होती कामाला. आता उगाच उड्या मारू नकोस, खाली खडक आहे.”

“उड्या न मारता चकती अडवू कशी?”

“ते तू बघ. आम्ही आमचं काम केलं.”

ओवीने बॅगेतून स्केट्स काढले.

रविवारी शेजाऱ्यांशीच सामना झाला. बर्फ पंधरा मिलिमीटर भरला. शेजाऱ्यांनी एकतीस फटके मारले. गोल शून्य.