हे वाक्य माझं

पडदा वर गेला आणि थोड्याच वेळात हेरंबला घाम फुटला. रंगमंचावर घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई होती. हीच गोष्ट त्याने गेल्या वर्षी चहा पिताना आपल्या मैत्रिणीला, आसावरीला सांगितली होती. आज लेखिका म्हणून तिचं नाव होतं.

"चोरलीय तिने," शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीच्या कानाशी तो कुजबुजला. ताई वकील होती.

"तू लिहिली होतीस?"

"नाही. पण डोक्यात होती."

"डोक्यातल्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो रे. मांडणी तिची, शब्द तिचे, तर नाटकही तिचंच. तुझं एखादं वाक्य उचललं असेल, तर बोलू."

मग हेरंब नाटक बघेनासाच झाला. चोर पकडायला बसल्यासारखा एकेक संवाद ऐकत राहिला. आजूबाजूची माणसं डोळे पुसत होती, त्याला तेही खपत नव्हतं. ही आसावरी एवढी हुशार कधीपासून झाली?

शेवटच्या प्रवेशात सून कडी लावायला निघाली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "दार उघडंच ठेव. त्याला कडी वाजवायची लाज वाटेल."

हेरंबने ताईचा हात गच्च धरला. "सापडली! हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द मीच सांगितला होता तिला."

ताईने डोळे पुसले, मग त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुझं?" ती म्हणाली. "आपली आई म्हणायची ते. दादा निघून गेल्यावर, रोज."

हेरंबच्या हाताची पकड सैल झाली. सभागृहात आईच्या वाक्याला टाळ्या पडत होत्या.